म्यूऑनची पाटी

१

प्रियदर्शनी बारंगुळे सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढून आत आली आणि दारातच थबकली. आतून काही आवाजच येत नव्हता.

गेले कित्येक महिने त्या खोलीत एक मोजणीयंत्र अखंड टिकटिक करत होतं. आकाशातून म्यूऑन नावाचे अतिसूक्ष्म कण सतत पडत असतात. ते छपरातून, टेबलातून, माणसांतून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. इथे टेबलावर एका काळ्या बंद पेटीत खास प्लॅस्टिकची जाड पाटी ठेवली होती. तिच्यातून कण गेला की ती क्षणभर चमकायची, शेजारची फोटोट्यूब ती चमक टिपायची आणि यंत्र टिक् करायचं. प्रियदर्शनी इथली पीएच.डी.ची विद्यार्थिनी. सासर बार्शीला, इथं भाड्याची खोली. नवऱ्याच्या आवाजापेक्षा ही टिकटिक तिच्या कानांना जास्त सवयीची झाली होती.

आज पडद्यावर शून्य होतं. फोटोट्यूबचा वीजपुरवठा कुणीतरी बंद केला होता. तिनं पेटीवरची काळी चिकटपट्टी सोडवली आणि झाकण उचललं. ट्यूब जागच्या जागी होती. पाटी मात्र गायब होती.

"सर! सर, पाटी न्हाय!"

शेजारच्या केबिनमधून विभागप्रमुख डॉ. इंद्रजीत ढोबळे धावत आले. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्यांनी पेटीत पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि स्टुलावर बसले. ते स्टूल तीन पायांचं होतं हे कॉलेजात सर्वांना माहीत होतं, सरांनाही. तरी ते बसले आणि आडवे झाले.

"संध्याकाळी रणदिवे मॅडम येणार," जमिनीवरूनच ते म्हणाले, "आणि आपल्याकडं दाखवायला रिकामी पेटी!"

२

प्राचार्य मल्लिकार्जुन बिराजदारांनी पोलिसांना फोन करायला उचललेला हात मागे घेतला. पोलीस म्हणजे पेपर, पेपर म्हणजे फोटो, आणि फोटोत आपण नेहमी झोपेतून उठल्यासारखे दिसतो, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी दुसरा नंबर लावला.

वैजयंतीबाई मुळेगावकर निवृत्त मुख्याध्यापिका. त्याहून मोठी त्यांची ख्याती म्हणजे बोर्डाच्या परीक्षांचं भरारी पथक. माढ्यापासून मैंदर्गीपर्यंत बाईंची जीप दिसली की परीक्षा केंद्रामागच्या शेतात कागदांचा सडा पडायचा. कॉपी कुठल्या मोज्यात आहे, हे त्या पोराच्या मानेवरून ओळखतात असं लोक म्हणत.

त्या रिक्षातून उतरल्या, डोक्यावरचा पदर काढून त्यानंच वारा घेतला आणि प्राचार्यांच्या खोलीत येऊन बसल्या.

"मल्लिकार्जुन, एक पाटी हरवली म्हणून मला बोलावलंस? माझ्या शाळेत रोज हरवायच्या."

"बाई, ही लिहायची पाटी नव्हे." प्राचार्यांनी सगळं सांगितलं. अशा चमकणाऱ्या पाट्या जगभरच्या कणभौतिकीच्या प्रयोगांना लागतात. त्या परदेशातून येतात. पॉलिमर विभागाच्या डॉ. साबेरा मकदूम यांनी तशी पाटी इथंच, सोलापुरात ओतून तयार केली. ढोबळे सरांनी तिची चाचणी घेतली. पाटी विदेशी मालाच्या तोडीस तोड निघाली. शोधनिबंध छापून आला, त्यावर साबेराबाईंचं नाव पहिलं. तो वाचून एका मोठ्या परदेशी प्रयोगात काम करणाऱ्या डॉ. ऋतुजा रणदिवे आज मुद्दाम पुण्याहून येत होत्या. पसंत पडलं तर त्या प्रयोगासाठी पाट्या सोलापुरात बनणार होत्या.

"आणि पाटी नसेल तर?"

"तर लोक म्हणणार, पाटी कधी नव्हतीच. निबंध खोटा. पहिलं नाव साबेरा मॅडमचं, म्हणजे पहिली मान त्यांची."

बाईंनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. शेजारच्या पोरानं पेपर बघितला म्हणून दोघंही नापास झालेली त्यांनी पाहिली होती. निर्दोष पोरगं जास्त रडतं.

"किल्ल्या कुणाकडं?"

"तिघांकडं. ढोबळे सर, साबेरा मॅडम, प्रियदर्शनी. शिवाय काल संध्याकाळी खोली उघडी असताना कलशेट्टी येऊन गेले. जाताना त्यांच्या हातात पोतं होतं, असं शिपाई सांगतो."

"पोतं?" बाई उठल्या. "आधी पोतं आणा."

३

पोतं आणावं लागलं नाही. शिवलिंगप्पा कलशेट्टी स्वतःच ते घेऊन आले. एमआयडीसीत त्यांचा बादल्या-मग बनवायचा कारखाना होता. साबेराबाईंची पाटी कापून तिच्या कडा गुळगुळीत करायचं काम त्यांच्याच यंत्रावर झालं होतं. तेव्हापासून ते स्वतःला शास्त्रज्ञ समजत. बोर्डावर 'कलशेट्टी प्लॅस्टिक्स' खाली त्यांनी 'अणू व बादली' असं रंगवूनही घेतलं होतं.

"पोत्यात काय होतं?" बाईंनी विचारलं.

"बादली हाय की."

पोत्यातून तळाला चीर गेलेली निळी बादली निघाली.

"लॅबमधली हाय. गळाय लागली म्हनून फोन आला. आमची गॅरंटी हाय बाई, बदलून देतो. आता म्या आंतरराष्ट्रीय मानूस. गळकी बादली आमच्या नावाची, आन् ती परदेशातल्या मॅडमला दिसली तर?"

"पाटीला हात लावला?"

शिवलिंगप्पांनी खिशातून मोबाइल काढला. काळ्या पेटीवर हात ठेवून, छाती काढून, ते उभे होते. मागे घड्याळात शिपायानं सांगितलेली निघायचीच वेळ, पडद्यावर आकडे.

"फोटू काढला फक्त. मोजत व्हती तवा. बघा, आकडा हाय."

म्हणजे काल ते गेले तोवर पाटी पेटीत होती. बादलीत पाटी मावली असती, पण ती काढलेली असती तर पडद्यावर शून्य दिसलं असतं. फोटोत आकडा होता. बाईंनी त्यांना जायला सांगितलं. ते मात्र दारातच रेंगाळले.

"पेप्रात नाव आलं तर 'उद्योजक' लिवा म्हनावं. मागल्या खेपेला 'बादलीवाले' लिवलं व्हतं."

४

प्रियदर्शनीनं बाईंना रिकामी पेटी दाखवली.

"ही चिकटपट्टी तू सोडवलीस, तेव्हा ती कशी लावलेली होती?"

"लई नीट, बाई. कोपरे दुमडून. आत उजेड गेला न्हाय पायजे, म्हनून आमी तशीच लावतो. ट्यूबला वीज चालू असताना थेट उजेड लागला की ती आंधळी होते. कायमची."

"आणि वीज बंद होती."

"व्हय. चोरानंच केली असनार."

बाई पेटीभोवती एक फेरी मारून आल्या. चोरी करून निघालेला माणूस घर झाडून, दाराला कडी लावून जात नाही. हा चोर मात्र वीज बंद करून, पाटी काढून, पुन्हा कोपरे दुमडून पट्टी लावून गेला होता. त्याला पाटी न्यायची होती, पण ट्यूबचा जीव वाचवायचा होता.

"ट्यूबवर एवढं प्रेम कुणाचं?"

"माझं हाय," प्रियदर्शनी सरळ म्हणाली. "सरांचंबी हाय. साबेरा मॅडम विजेच्या वस्तूला हात लावत न्हाईत, एकदा शॉक बसलाय त्यांना. आता माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या. पर पाटी गेली की माझा प्रबंध गेला. पोराला आजीकडं ठेवून म्या हितं बसलेय, ते पेटीकडं बघायला न्हाय."

बाईंना ते पटलं. "ढोबळे सर नवी वस्तू आली की काय करतात?"

"पुसतात. लई शिस्तीचे. ॲसिटोननं स्वतः पुसतात, दार लावून. काच असो, भिंग असो. मॅडमची पाटी आली तवाबी आतनं ॲसिटोनचा वास येत होता. नेलपॉलिश काढल्यागत. दुसऱ्या दिवशी काय आकडे आले म्हनता! पैल्या चाचणीत बेताचेच होते. पुसल्यावर एकदम विदेशी पाटीएवढे."

"विदेशी पाटीही आहे इथं?"

"तुलनेसाठी एक हाय. त्या कपाटात, खोक्यात. आधी कपाट उघडंच असायचं, मार्चच्या तपासणीपासून किल्ली माझ्याकडं असते. कुनी मागितली न्हाय, उघडलं न्हाय."

पॉलिमर विभाग पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला होता. साबेरा मकदूम खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

"बाई, मी चोरली असं लोक म्हणतायत ना? म्हणू देत. मी ती भट्टीजवळ बसून बनवली. द्रव गरम करायचा, हळूहळू घट्ट होऊ द्यायचा, एक बुडबुडा राहिला की सगळं फेकायचं. सासू म्हणायची, इतक्या मायेनं खीर केली असती तर मोहल्ला जेवला असता."

"तिला काय झालं तर ती बिघडते?"

"हाताचं तेल लागलं तरी डाग पडतो. ऊन नको. आणि ॲसिटोन तर..." त्यांनी टेबलावरचा एक लहान पारदर्शक तुकडा पुढे केला. "हे तिचंच कापून उरलेलं. बघा."

बाटलीतला एक थेंब त्यांनी त्यावर टाकला. तुकड्याची कड विरघळल्यासारखी झाली, मग पांढरी पडली आणि तिच्यावर बारीक तड्यांचं जाळं पसरलं.

"अशा पाटीतून उजेड बाहेर येईल?"

"कसा येणार? ती गेलीच. पण ॲसिटोन कोण लावेल, बाई? आमच्याकडं पहिल्या वर्षाच्या मुलींनाही माहीत असतं."

वैजयंतीबाई त्या पांढऱ्या कडेकडे बघत राहिल्या. मग इतक्या झटक्यात उठल्या की त्यांचा चष्मा चहात पडला.

५

डॉ. ढोबळेंच्या केबिनमध्ये सगळे जमले. खिडकीबाहेर ऊन भट्टीसारखं तापलं होतं. भिंतीला लागून मोठा कूलर होता आणि तो बंद होता. ढोबळे रुमालानं मान पुसत होते. रुमाल पिळला असता तर ओघळ लागला असता.

"मोटर जळालीय," कुणी न विचारताच ते म्हणाले.

बाई मधल्या खुर्चीत बसल्या. "सर, मला तुमचं शास्त्र कळत नाही. मला फक्त पेपर तपासता येतो. पोरगं चाचणीत नापासाच्या काठावर असतं आणि परीक्षेत वर्गात पहिलं येतं, तेव्हा मी त्याच्या मागच्या बाकावर कोण बसलं होतं ते बघते. साबेरा, तुमची पाटी पहिल्या चाचणीत कशी होती?"

"ठीकठाक. फार नाही."

"मग सरांनी ती पुसली. कशानं, ते प्रियदर्शनी सांगेल."

"ॲसिटोननं," प्रियदर्शनी म्हणाली.

साबेराबाई उभ्याच राहिल्या. "काय?"

"थांबा. ॲसिटोननं पाटी पांढरी पडते, मेलीच म्हणायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी आकडे कोसळायला हवे होते. ते तर चढले, विदेशी पाटीएवढे झाले. मेलेल्या पाटीनं ते आकडे काढले नाहीत. त्या दिवसापासून पेटीत दुसरीच पाटी होती."

 ढोबळ्यांनी रुमाल चेहऱ्यावर धरला, तो खाली घेतलाच नाही.

"वर कागद आणि काळी पट्टी गुंडाळलेली, त्यामुळे आतली पाटी कुणाला दिसत नव्हती. आज मात्र रणदिवे मॅडम ती सोडून बघणार होत्या. हो ना?"

"काल फोनवर त्यांनी तसं सांगितलं," प्राचार्य म्हणाले. "मी, सर, साबेरा मॅडम, सगळेच होतो."

"मग ती दिसायच्या आत नाहीशी व्हायला हवी होती. प्रियदर्शनी, कपाट उघड."

कपाटातून विदेशी पाटीचं खोकं आलं. आतला कागद सोडवला. निघाली ती दुधासारखी पांढरी, तडकलेली पाटी, मधोमध बोटांचे ठसे रुतलेली. साबेराबाईंनी ती दोन्ही हातांत घेतली. एका कोपऱ्यावर त्यांनी सुईनं कोरलेलं अर्धचंद्रासारखं बारीक चिन्ह होतं.

"ही माझी आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मग विदेशी पाटी कुठं गेली?" प्राचार्यांनी विचारलं.

"ती परत खोक्यात ठेवायची सरांची इच्छा असणार. पण किल्ली प्रियदर्शनीकडं आणि खोक्यात ही बसलेली." बाईंनी पदरानं कपाळ टिपलं. "ते राहू द्या. फार उकडतंय, मल्लिकार्जुन. कूलर लाव."

"मोटर जळालीय!" ढोबळे ओरडले.

प्राचार्यांचं बोट तोवर बटणावर पडलं होतं. कूलर सुरळीत सुरू झाला. मग आतून खडाड् खडाड् असा आवाज आला आणि बाजूच्या वाळ्याच्या जाळीतून काळ्या पट्टीत गुंडाळलेली, वर किराणा दुकानाची पिशवी चढवलेली एक पाटी निसटून शिवलिंगप्पांच्या पायावर पडली. शिवलिंगप्पांना कुणीच बोलावलं नव्हतं. ते नवी बादली घेऊन आले होते.

६

"मी सांगणार होतो," ढोबळे म्हणाले. एवढ्या वेळानं त्यांच्या अंगावर वारा येत होता, तरी ते घामेजलेलेच होते. "पुसताना ती डोळ्यांदेखत पांढरी पडली. मला वाटलं, आपणच पांढरे पडतोय. एक दिवस विदेशी पाटी ठेवू, उद्या सांगू, असं ठरवलं. तेवढ्यात साबेरा मॅडम आल्या. त्यांनी आकडे पाहिले आणि रडल्या. इथूनच वडिलांना फोन लावला. विजापूर वेशीत त्यांनी जिलेबी वाटली. मलाही आणून दिली. ती मी खाल्ली. जिलेबी खाल्ल्यावर कसं सांगायचं, सांगा."

"आणि निबंध?" साबेराबाईंचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "त्यावर माझं नाव आहे, सर. माझ्या अब्बांनी तो फ्रेम करून लावलाय. त्यातला एक आकडाही माझा नाही. उद्या लोक म्हणाले असते, मकदूम बाईनं विदेशी माल आपला म्हणून खपवला. तेव्हा तुम्ही कुठं असता? या कूलरमागे?"

 शिवलिंगप्पा पाय चोळत राहिले.

"रणदिवे मॅडमना फोन करून येऊ नका म्हणतो," प्राचार्य म्हणाले.

"कशाला?" साबेराबाई म्हणाल्या. "त्याच वेळी ओतलेली दुसरी पाटी माझ्याकडं आहे. पॉलिश राहिलंय. कलशेट्टी, तुमचं यंत्र चालू आहे का?"

"चालू हाय की!" कलशेट्टी बादली टाकून धावले.

डॉ. ऋतुजा रणदिवे आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. ढोबळे सर स्टेशनवर स्वतः गेले. गाडीत त्यांनी सगळं सांगितलं असावं, कारण उतरताना दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. रणदिवे पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात साध्या चपला. त्या सरळ टेबलाशी आल्या.

"निबंध मागे घ्यायचं पत्र आज जाईल," त्या ढोबळ्यांना म्हणाल्या. "तुमच्या सहीनं, तुमच्या शब्दांत. मॅडमवर त्यात शिंतोडा उडाला तर मी उत्तर देईन." मग साबेराबाईंकडं वळल्या. "खरं सांगू? मी तुम्हाला पकडायला आले होते. पहिल्याच खेपेला विदेशी मालाएवढा उजेड आजवर कुणाला मिळालेला नाही. आता खरी पाटी लावा."

कलशेट्टींनी आणलेली पाटी अजून कोमट होती. प्रियदर्शनीनं ती कागदात गुंडाळली, ट्यूबशी जोडली, झाकण लावलं. पट्टी लावायला वेळ नव्हता म्हणून खोलीचे दिवे मालवले आणि पडदे ओढले. वीज हळूहळू वाढवली.

टिक्.

मग बराच वेळ काही नाही. साबेराबाईंनी वैजयंतीबाईंचं मनगट घट्ट धरलं. मग टिक्, टिक्, आणि हळूहळू यंत्राची लय बसली. रणदिवे अंधारात पडद्यावरच्या वक्राकडं वाकल्या.

"विदेशी पाटीच्या दोनतृतीयांश उजेड," त्या म्हणाल्या. "थोडा कमीच."

साबेराबाईंनी बाईंचं मनगट सोडलं.

"आमच्या बाहेरच्या थरांना याहून जास्त लागतच नाही. मला अशा आणखी पाट्या करून पाठवा. बुडबुडे असले तरी चालतील, फक्त कुठं आहेत ते लिहा."

 प्रियदर्शनी तीन पायांच्या स्टुलावर बसली, पण तिला सवय होती, ती पडली नाही. शिवलिंगप्पांनी अंधारातच फोटो काढला. फ्लॅश पडला. झाकणामुळे ट्यूब वाचली, पण प्रियदर्शनीनं त्यांना कानडीत नि मराठीत जे काही ऐकवलं ते रणदिवे मॅडमना बहुधा कळलं नाही.

वैजयंतीबाईंनी पेटीवर हात ठेवला. "हे जे टिकटिक करतंय, ते माझ्या हातातून जातंय?"

"हातातून, पाटीतून, टेबलातून, खाली जमिनीत," साबेराबाई म्हणाल्या.

"दुखत कसं नाही?" बाईंनी हात तसाच ठेवला. आयुष्यभर पोरांचे हात उघडून बघितलेल्या त्या बाई स्वतःच्या तळहाताकडं बघत उभ्या राहिल्या.

दार किलकिलं झालं. बाहेर पॅसेजमध्ये डॉ. ढोबळे उभे होते. आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. उजेडाची एक पट्टी टेबलापर्यंत आली आणि यंत्र वेड्यासारखं मोजायला लागलं.

साबेराबाईंनी मागं वळून पाहिलं. 

"या आत," त्या म्हणाल्या. "आणि दार ओढून घ्या, सर. उजेड येतोय."